वानराच्या जठरात गाईचे विकर : पाला पचवणारे जनुक नेमके कोणाचे?

पाटणावाट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन पाटणादेवीला गेलो होतो. देवळाच्या अलीकडे ओढ्याकाठच्या वडावर वानरांची टोळी बसली होती आणि आम्ही जवळपास तासभर तिच्याकडेच पाहत होतो. एक मादी फांदी ओढून घ्यायची, शेंड्याची तांबूस, कोवळी पाने तोडून तोंडात टाकायची आणि जुन्या, जाड पानाला सहसा हातही लावायची नाही. दुपारी ती फुगलेले पोट मांडीवर टेकवून तशीच बसून राहिली. प्रसादाचे दुकान लावणाऱ्या आजींनी एका वाक्यात विषय संपवला : "वांदरले बठ्ठं पचस", म्हणजे वानराला सगळे पचते. मुले हसली. परतीच्या गाडीत मात्र एका मुलीने विचारले की तीच पाने आपण पोटभर खाल्ली तर आपले काय होईल हे उघड आहे, मग वानराच्या पोटात असे काय आहे जे आपल्या पोटात नाही, आणि ते त्याच्या जनुकांत लिहिलेले आहे का? गाडीत मी दिलेले उत्तर अर्धवट होते, म्हणून हा धागा.

पानाचा सांगाडा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज तोडणारे विकर (एन्झाइम) गाय, शेळी, वानर किंवा माणूस यांच्यापैकी कोणाच्याही जनुकसंचात नाही. ते काम पोटातले जीवाणू करतात. गाईने त्यांच्यासाठी कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, राखून ठेवले आहे आणि वानराचे जठरही कप्प्याकप्प्यांचे असून त्याच्या वरच्या भागात पाला आंबत राहतो. लाल तोंडाच्या माकडाचे जठर साधे, आपल्यासारखे असते. त्याला गालात पिशव्या असतात, वानराला नसतात. दोघे एकाच झाडावर दिसले तरी त्यांची पोटे दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत.

इथपर्यंत ऐकल्यावर मुले म्हणतात की मग सगळे श्रेय जीवाणूंचे, प्राण्याच्या जनुकांचा संबंध काय? संबंध पुढच्या टप्प्यावर येतो. जीवाणू पाला खाऊन स्वतः वाढतात आणि पाल्यातले बरेचसे नत्र आपल्या शरीरात साठवतात. आंबवणाच्या कप्प्यातून पुढे सरकणाऱ्या घासाबरोबर अब्जावधी जीवाणूही खऱ्या जठरात येतात. त्यांना फोडून त्यांच्यातले प्रथिन काढून घेता आले नाही, तर प्राण्याचे मोठे नुकसान आहे. म्हणजे पाला पचवणे जीवाणूंकडे आणि जीवाणूंना पचवणे प्राण्याकडे, अशी ही वाटणी आहे. प्राण्याच्या जनुकांतले बदल शोधायचे ते या दुसऱ्या कामात.

जीवाणूंची भिंत फोडणारे लायसोझाइम हे विकर आपल्या अश्रूंत, लाळेत आणि कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात असते. तिथे त्याचे काम राखणदाराचे आहे. गाईने आणि वानराने हाच राखणदार जठरात नेऊन त्याला स्वयंपाक्याचे काम दिले. अडचण अशी की जठरात आम्ल असते आणि प्रथिने तोडणारे पेप्सीनही असते, त्यामुळे अश्रूंतले लायसोझाइम तिथे फार टिकणार नाही. कॅरो-बेथ स्टुअर्ट, जेम्स शिलिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९८७ मध्ये वानराच्या जठरातल्या लायसोझाइममधला अमिनो आम्लांचा क्रम काढला. त्यांनी निवडलेले वानर हे आपलेच, हनुमानाचे वानर होते. त्या क्रमाची गाय, बबून (पानखाऊ नसलेले आफ्रिकेतले माकड), माणूस, घोडा आणि उंदीर यांच्याशी तुलना केल्यावर दिसले की वानराचे विकर एकंदरीत बबूनच्या विकरासारखेच आहे, पण काही मोजक्या जागी त्याने नेमकी गाईच्या विकरातली अमिनो आम्ले घेतली आहेत. गाईचे आणि वानराचे पूर्वज सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यामुळे हा वारसा मानता येत नाही. एकाच प्रकारच्या अडचणीवर दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही एकच तोड आहे. फरक एवढाच की गाईकडे लायसोझाइमच्या सुमारे दहा जनुकप्रती झाल्या आणि त्यांतल्या काही जठरात चालू राहिल्या, तर वानराने एकाच जनुकावर भागवले.

दुसरे विकर रायबोन्यूक्लिएझ. झपाट्याने वाढणाऱ्या जीवाणूंच्या शरीरात आरएनए भरपूर असतो आणि त्यात नत्र व स्फुरद दोन्ही असतात. त्यामुळे रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या स्वादुपिंडात हे विकर फार मोठ्या प्रमाणात तयार होते. जियानझी झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की आग्नेय आशियातल्या डूक या पानखाऊ वानरात या जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आहे. पहिली प्रत जुन्या कामावर राहिली आणि दुसरी बदलत गेली. माणसाचे विकर सामू (पीएच) ७.४ च्या आसपास सर्वांत चांगले चालते, तर डूकची नवी प्रत ६.३ ला, आणि या वानरांच्या लहान आतड्यात तेवढीच आम्लता असते. आफ्रिकेतल्या पानखाऊ कोलोबस वानरांतही अशीच दुसरी प्रत आढळली. झांग यांच्या २००६ च्या मांडणीनुसार ती तिथे स्वतंत्रपणे तयार झाली आहे.

मुलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : वानराच्या जनुकांत पाला पचवण्याची विद्या नाही, पाला पचवणाऱ्यांना पचवण्याची आहे. आपणांपैकी कोणाला यात चूक दिसत असल्यास अवश्य दाखवावी.

रावेरची_बाग

सर, लेख दोनदा वाचला. मी केळी उत्पादक आहे, जीवशास्त्र बारावीपर्यंतच शिकलो, त्यामुळे प्रश्न शेतकऱ्याचे आहेत.

पहिली गोष्ट, आमच्या बागेत येणारी वानरे पाला सोडून केळी खातात आणि तीही हिरवीगार, कच्ची. पाल्यासाठी एवढे खास पोट असताना केळी कशाला? दुसरी गोष्ट, रानडुक्कर. ते रवंथ करत नाही, त्याला कोटीपोट नाही, तरी एका रात्रीत मक्याच्या ओळीच्या ओळी आडव्या करते, कंद उकरते, मेलेले जनावरही सोडत नाही. रोही (नीलगाय) निदान चरून जाते, डुक्कर मात्र पीक झोपवून जाते. त्याच्या जनुकांत कोणती विद्या आहे?

पशुसेवा_शिरपूर

मी पशुवैद्यकीय कामात आहे. लायसोझाइमची माहिती मला नवीन होती, पण सरांच्या मांडणीत प्राण्याच्या जनुकांना जरा जास्तच मान दिला गेला आहे, असे मला वाटते.

माझा मुद्दा सुबाभळीवरून सांगतो. सुबाभळीत मायमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते. सवय नसलेल्या जनावराला सुबाभूळ भरपूर घातली तर केस गळतात, गलगंड होतो, वजन घटते. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ लावल्यावर तिथल्या गुरांना हाच त्रास झाला, पण हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या कोटीपोटात सोडले आणि त्या जनावरांना सुबाभूळ पचू लागली. कळपातल्या एका जनावराला दिलेले जीवाणू पुढे इतरांतही पसरले. या जीवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव मिळाले. या साऱ्या प्रकारात शेळीच्या किंवा गाईच्या जनुकात एका अक्षराचाही बदल झालेला नाही. आहाराशी जुळवून घेणे म्हणजे प्रत्येक वेळी जनुकांतच काही घडले पाहिजे, हा आग्रह कशासाठी?

रावेरच्या भाऊंच्या केळीच्या प्रश्नाबद्दल एक अंदाज सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची गाय रात्री दावे तोडून मक्याच्या पोत्यांपर्यंत पोहोचली. सकाळी मी गेलो तेव्हा ती आडवी होती, कोटीपोट पाण्याने भरलेल्या पखालीसारखे डुबडुबत होते आणि रवंथ पूर्ण बंद होता. पिष्ट आणि साखर एकदम मिळाली की लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू बेसुमार वाढतात आणि बाकीची वस्ती मरते. ती गाय वाचली, पण पंधरा दिवस गेले. वानराचा वरचा कप्पाही आंबवणाचा असल्यामुळे पिकलेले, साखरेने भरलेले फळ त्याला जास्त प्रमाणात धोक्याचेच आहे. पानखाऊ वानरे पिकलेल्या गोड फळांपेक्षा कच्ची फळे आणि बिया पसंत करतात, असे एकंदरीत निरीक्षण आहे. त्यामुळे आपली हिरवी केळी त्याला गोड केळीपेक्षा सोयीची पडत असावीत.

पाटणावाट

शिरपूरचे डॉक्टर, सुबाभळीचे उदाहरण चपखल आहे आणि मी ते मान्य करतो. त्याच्या जोडीला अमेरिकेतल्या वाळवंटी वुडरॅटचे उदाहरणही आपल्याच बाजूचे आहे. हा उंदीर क्रिओसोट नावाच्या चिकट, विषारी झुडपाची पाने खातो. डेनिस डिअरिंग यांच्या गटाने त्याला प्रतिजैविके देऊन पोटातले जीवाणू कमी केल्यावर त्याला ती पाने झेपेनाशी झाली, आणि क्रिओसोट कधी न खाल्लेल्या वुडरॅटना त्याच्या पोटातले जीवाणू दिल्यावर त्यांना ती अधिक सोसू लागली. हे काम २०१४ चे आहे.

पण एक प्रश्न उरतोच. जीवाणूंना राहायला जागा कोणी दिली? आपण वजडी धुताना पाहिली असेल. कोटीपोटाची आतली बाजू टॉवेलासारखी, बारीक बोंडांनी भरलेली आणि चिवट असते. आतड्याच्या मऊ अस्तरापेक्षा ती कातडीच्या जवळची वाटते, आणि जनुकांच्या पातळीवरही ती तशीच निघाली. २०१४ मध्ये मेंढीच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कातडीचा वरचा टणक थर बनवणाऱ्या जनुकांच्या समूहातली काही जनुके मेंढीत कोटीपोटाच्या अस्तरात जोरात चालू असल्याचे आढळले. पुढे २०१९ मध्ये रवंथ करणाऱ्या ४४ जातींचे जनुकसंच एकत्र तपासले गेले, तेव्हाही हेच दिसले की कोटीपोट नव्या जनुकांनी फारसे बनलेले नाही, शरीरात दुसरीकडे कामावर असलेली जनुके तिथे बोलावून घेतली आहेत. जीवाणू हे भाडेकरू आहेत, हे खरे. घर मात्र मालकाच्या जनुकांनी बांधले आहे आणि लायसोझाइमच्या रूपाने भाडेही तोच वसूल करतो.

रावेरच्या भाऊ, रानडुकराच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. पिष्ट तोडणारे विकर म्हणजे अमायलेझ. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अनेक सस्तन जातींमध्ये अमायलेझ जनुकाच्या किती प्रती आहेत, हे मोजले गेले. पिष्ट भरपूर खाणाऱ्या वेगवेगळ्या घराण्यांत या प्रती स्वतंत्रपणे वाढलेल्या आढळल्या. घरातला उंदीर, घूस ज्या वर्गात येते तो वर्ग, डुक्कर, कुत्रा आणि माणूस ही त्यांतली ठळक नावे, म्हणजे आपल्या कणगीभोवती राहणारी सगळी मंडळी. त्या लेखकांचे दुसरे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मूळ अमायलेझ स्वादुपिंडात तयार होते. ते लाळेतही यायचे असेल तर आधी जनुकाची जादा प्रत व्हावी लागत असावी, कारण मूळ प्रतीला तिची जागा सोडता येत नाही. गाईच्या लाळेत अमायलेझ जवळपास नसते, डुकराच्या लाळेत असते. मक्याचे कणीस तोंडात असतानाच डुकराचे काम सुरू होते.

एक प्रत जुन्या कामावर आणि दुसरी नव्या कामावर, ही रायबोन्यूक्लिएझमध्ये दिसलेली तीच रीत आहे.

धुळ्याची_लांडगेवाट

अमायलेझवरून आठवले म्हणून लिहितो. आमच्याकडे माळरानावर मेंढपाळांच्या वाड्यांजवळ लांडगा दिसतो आणि त्याच वाड्यांवर कुत्रेही असतात. कुत्रा बाजरीच्या भाकरीवर जगतो, लांडगा भाकरीवर जगू शकत नाही. स्वीडनच्या एरिक अ‍ॅक्सेलसन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की लांडग्यात स्वादुपिंडातल्या अमायलेझच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माल्टोज तोडणाऱ्या आणि ग्लुकोज आत ओढून घेणाऱ्या जनुकांतही कुत्र्यात निवड झाल्याच्या खुणा मिळाल्या. ऑस्ट्रेलियातला डिंगो मात्र कुत्र्याच्या वंशातला असूनही दोनच प्रतींवर आहे, कारण शेतीच्या खळ्याशी त्याचा संबंध आला नाही. भाकरीने कुत्र्याचे जनुक बदलले, असे आपण सहज म्हणून जातो, पण भाकरीने काहीही बदललेले नाही. जादा प्रती आपोआप कधीतरी होतात; ज्या कुत्र्यांत त्या होत्या त्यांची पिल्ले खळ्याजवळ जास्त जगली, एवढेच.

निशाचर

मी सातपुड्यात वटवाघळे मोजत हिंडतो, त्यामुळे कीटक खाणाऱ्यांची बाजू मांडतो.

कीटकाचे कवच कायटिनचे असते आणि कायटिन तोडणारे विकर मात्र सस्तन प्राण्यांकडे स्वतःचे आहे, त्यासाठी जीवाणूंकडे हात पसरावा लागत नाही. ख्रिस्तोफर एमर्लिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १०७ सस्तन जातींचे जनुकसंच तपासून असे मांडले की नाळ असलेल्या सर्व सस्तन प्राण्यांच्या समान पूर्वजाकडे या विकराची पाच जनुके होती. डायनोसोरांच्या काळात लपतछपत जगणारा तो लहानसा प्राणी कीटकांवर जगत असावा, असा त्याचा अर्थ. आजही जे मुख्यतः कीटक खातात त्यांच्यात ही जनुके जास्त टिकून आहेत. मोठ्या शाकाहाऱ्यांत आणि मांसाहाऱ्यांत ती एकेक करून मोडली. माणसात एक चालू आहे आणि बाकीच्यांचे मोडके अवशेष आपल्या जनुकसंचात अजून सापडतात.

यातला सर्वांत मजेदार प्राणी म्हणजे आपले खवल्या मांजर. मुंग्या आणि वाळवी यांखेरीज जवळजवळ काहीही न खाणाऱ्या या प्राण्याकडे पाचही जनुके असावीत, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. त्याच्याकडे चालू अवस्थेत एकच आहे. खवल्या मांजराचे जवळचे नातेवाईक वाघ, कोल्हा, अस्वल या वर्गातले आहेत आणि त्याचे पूर्वज बहुधा मांसाहाराकडे वळले होते. त्या काळात चार जनुके गेली. पुढे वंश पुन्हा मुंग्यांकडे आला, पण मोडलेले जनुक दुरुस्त होऊन परत येत नाही. मग उरलेल्या एका जनुकाकडूनच जास्त काम करून घेतले गेले. ते खवल्या मांजराच्या लाळग्रंथींत प्रचंड प्रमाणात चालू असते, असे २०२३ च्या कामात दिसले. पाटणावाट सरांनी आहाराला साजेसे जनुक मिळवण्याचे चित्र रंगवले आहे, त्यात ही काळी बाजूही हवी : आजोबांनी विकलेले शेत नातवाला परत मिळत नाही, उरलेल्या बांधावरच पीक काढावे लागते.

शंकेखोर

निशाचर यांनी मोडलेल्या जनुकांचा विषय काढला म्हणून मला पडलेली शंका मांडतो. जनुक मोडले म्हणून आहार बदलला, की आहार बदलला म्हणून मोडलेले जनुक खपून गेले? पुष्कळ लेखांत या दोहोंची सरमिसळ केलेली असते.

मांजराचे उदाहरण घ्या. गोड चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक (रिसेप्टर) दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो. त्यांपैकी एकाच्या जनुकात मांजरात २४७ अक्षरे गळालेली आहेत, त्यामुळे ते जनुक मेलेले आहे. हे २००५ मध्ये दाखवले गेले आणि वाघ व चित्ता यांच्यातही तेच आढळले. "वाघाला गोड कळत नाही म्हणून तो मांस खातो" असे वाक्य मी वर्तमानपत्रात वाचले आहे. पण २०१२ च्या अभ्यासात हेच जनुक समुद्रसिंह, ठिपकेदार तरस आणि आशियातले लहान नखांचे पाणमांजर यांच्यातही मोडलेले सापडले, आणि प्रत्येकात मोड वेगळ्या जागी आहे. एकाच जनुकाची एवढी वेगवेगळी मोडतोड झालेली दिसते तेव्हा सरळ अर्थ असा निघतो की मांसाहार आधी आला आणि नंतर त्या जनुकाची राखण करायला कोणी उरले नाही. वापरात नसलेल्या वाड्याचे छप्पर कुठल्या बाजूने कोसळेल, याला नियम नसतो.

पांडाची गोष्ट उलट दिशेची आहे. त्याच्यात मांसाची, म्हणजे उमामीची चव ओळखणारे जनुक मेलेले आहे आणि त्यावरून तो बांबूकडे का वळला, हे सांगितले जाते. मग गाई-घोड्यांत ते जनुक शाबूत का आहे? त्यांनी तर मांस कधीच सोडले. पांडाचे आतडे अजून अस्वलाचेच, आखूड आहे, कोटीपोट नाही, आणि खाल्लेल्या बांबूचा जेमतेम पाचवा भाग त्याला पचतो. तो दिवसभर खातो आणि शरीराचा खर्च कमी ठेवतो. जनुकांनी त्याची सोय केली, असे म्हणण्यापेक्षा त्याने गैरसोयीत संसार थाटला असे म्हणणे मला पटते.

पशुसेवा_शिरपूर

शंकेखोरांची शंका रास्त आहे. कोठे आहार आधी आणि कोठे जनुक आधी, हे ठरवणे अवघड असले तरी एका उदाहरणात बदलाचा फायदा मला स्पष्ट दिसतो, आणि ते मूतखड्याशी जोडलेले असल्यामुळे खान्देशच्या उन्हाळ्यात सर्वांना जवळचे वाटेल.

यकृतात एजीटी नावाचे एक विकर असते. ग्लायऑक्झिलेट या पदार्थाचे ऑक्झलेटमध्ये, म्हणजे खड्याच्या कच्च्या मालात रूपांतर होण्याआधीच ते त्याचा निकाल लावते. मांसाहारी प्राण्यात हा पदार्थ मुख्यतः मांसातल्या तंतूंपासून पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात तयार होतो, तर शाकाहारी प्राण्यात वनस्पतींतल्या ग्लायकोलेटपासून पेरॉक्सिझोम या दुसऱ्या कप्प्यात. ख्रिस्तोफर डॅनप्युअर यांच्या गटाने वेगवेगळ्या प्राण्यांची यकृते तपासली, तेव्हा मांजरात हे विकर मायटोकॉन्ड्रियात, सशात व माणसात पेरॉक्सिझोममध्ये आणि उंदरात दोन्हीकडे आढळले. विकर तेच, काम तेच, फक्त बसण्याची जागा आहाराप्रमाणे बदलली. जनुकाच्या सुरुवातीला वाचन सुरू करण्याच्या दोन खुणा असतात. पहिल्या खुणेपासून वाचले तर प्रथिनाला मायटोकॉन्ड्रियाचा पत्ता लागतो, दुसऱ्यापासून वाचले तर लागत नाही. माणसाच्या वंशात पहिली खूण पुसली गेली आहे. ज्या थोड्या माणसांत उत्परिवर्तनामुळे हे विकर चुकून मायटोकॉन्ड्रियात जाते, त्यांना लहान वयातच मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होतात. चुकीच्या पत्त्यावर गेलेले विकर शाबूत असूनही निरुपयोगी ठरते.

सुबाभळीच्या वेळी मी जनुकांविरुद्ध बोललो होतो, इथे त्यांच्या बाजूने बोलतो आहे, हे माझ्या लक्षात आहे.

तोरणमाळचा_मोह

चैत्रात आमच्याकडे मोहाची फुले पहाटे टपटप पडतात आणि माणसांच्या आधी अस्वल, वानरे व हरणे तिथे पोहोचतात. फुले साखरेने गच्च असतात आणि ओलीत पडून राहिली की आंबतात. फुले खाऊन जनावर झिंगते, ही गोष्ट प्रत्येक पाड्यात ऐकायला मिळते. याचे काही जनुक आहे का?

निशाचर

आहे. जठरात आणि घशात मद्यार्क तोडणारे एडीएच-७ नावाचे जनुक असते. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या समान पूर्वजात सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी त्याच्यात एका अमिनो आम्लाचा बदल झाला आणि त्या विकराची मद्यार्क तोडण्याची क्षमता सुमारे ४० पट वाढली. झाडाखाली पडलेली, आंबलेली फळे खाणाऱ्याला ते उपयोगी पडले असावे. उलट २०२० मधल्या तुलनेत हे जनुक सस्तन प्राण्यांच्या अनेक वंशांत मोडलेले आढळले आणि हत्ती त्यांपैकी एक आहे. म्हणून माणसाच्या वजनावरून हिशेब करून "एवढ्या मोठ्या हत्तीला इतकी फळे पुरणार नाहीत" असे म्हणणे चुकीचे ठरते. वजन मोठे असले तरी विकर नाही. पाड्यावरच्या गोष्टी मी खऱ्या धरत नाही, पण हसण्यावारीही नेत नाही.

पाटणावाट

चर्चा मी मांडलेल्या चौकटीपेक्षा बरीच पुढे गेली, याचा आनंद आहे. माझे वाक्य थोडे दुरुस्त करतो. "पाला पचवणाऱ्यांना पचवण्याची विद्या" हे पाला आंबवणाऱ्या वानराला आणि गाईला लागू आहे. डुक्कर, खवल्या मांजर आणि मांजर यांना ते लागू नाही, त्यांच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एका सूत्रात बसवण्याचा मोह मी टाळतो. त्या मुलीला हा धागा वाचायला दिला आहे. तिने लगेच विचारले की मग कळपात नव्याने जन्मलेल्या पिल्लाला हे जीवाणू मिळतात कुठून? शिरपूरच्या डॉक्टरांनी वासराच्या बाबतीत याचे उत्तर लिहावे, ही विनंती.

पशुसेवा_शिरपूर

वासराचे कोटीपोट जन्मतः लहान आणि जवळजवळ रिकामे असते. दूध ते टाळून थेट चौथ्या पोटात जाते. आईचे चाटणे, तिचे आचळ, तिची लाळ लागलेला चारा, शेण आणि गोठ्यातली इतर जनावरे यांतून जीवाणू हळूहळू आत जातात आणि चारा सुरू झाल्यावर कोटीपोट वाढते. ऑस्ट्रेलियातल्या कोआलाची मादी तर निलगिरीचा पाला पचवणारे जीवाणू पिल्लाला मिळावेत म्हणून त्याला खास मऊ विष्ठा खाऊ घालते. त्याच कोआलाच्या जनुकसंचात निलगिरीतली विषारी द्रव्ये निकामी करणाऱ्या यकृतातल्या विकरांच्या एका कुटुंबाची ३१ जनुके सापडली, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुके आई-वडिलांकडून, जीवाणू आईच्या विष्ठेतून. आमचा वाद त्याने दोन्ही बाजूंनी मिटवला आहे.

रावेरची_बाग

डॉक्टर, आपल्या केळीच्या अंदाजावर मी दोन दिवस विचार केला आणि बागेत फिरून पाहिले. एक गोष्ट आपल्या लक्षात आणून देतो. आमच्याकडे घड पिवळा होईपर्यंत खोडावर राहतच नाही. माल हिरवा असतानाच कापून गाडीत भरला जातो. त्यामुळे वानरांनी गोड सोडून कच्चे निवडले, असे माझ्या बागेवरून म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे दुसरे काही नव्हतेच.

विहिरीजवळ दोन घड मात्र घरी खाण्यासाठी झाडावरच पिकायला ठेवले आहेत. वरच्या फण्या पिवळ्या झाल्या आहेत, खालच्या अजून हिरव्या आहेत. पोरांना सांगितले आहे की वानरे आली तर या वेळी गोफण काढायची नाही, आधी कोणत्या फणीला हात घालतात ते पाहायचे. आज सकाळी टोळी बांधापर्यंत येऊन चिंचेवर बसली, चिंचेचा कोवळा पाला खाल्ला आणि निघून गेली.